टपालात न पडलेलं पत्र

सरांना जाऊन दोन वर्षं होत आली होती. एका सकाळी त्यांची मुलगी कार्बनताईंच्या दारात येऊन उभी राहिली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "ताई, नाही म्हणू नका." काय ते न सांगता आधी होकार मागायचा, ही तिची लहानपणापासूनची सवय. ताईंनी तिला आत घेतलं, पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं आणि मग विचारलं, कशाला नाही म्हणायचं नाही.

काम असं होतं. सर म्हणजे गोड्या पाण्यातल्या शेवाळाचे मोठे अभ्यासक. डबकी, तळी, विहिरी, गच्चीवरच्या टाक्या, जिथे म्हणून हिरवा तवंग दिसेल तिथे बाटली घेऊन वाकणारा माणूस. देशोदेशींच्या लोकांशी त्यांचा पत्रव्यवहार चाले. आता एका प्रकाशन संस्थेला त्यातली दोनशे पत्रं निवडून पुस्तक काढायचं होतं. पत्रं होती सहा हजारांच्या वर, अकरा खोक्यांत भरलेली. नेमलेला संपादक हुशार होता, पण शेवाळातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, आणि कोण कुणाचा कोण, कुठलं पत्र कशाचं उत्तर, हे सांगू शकेल असं माणूस आता एकच उरलं होतं.

ते माणूस म्हणजे कार्बनताई. वयाच्या बाविसाव्या वर्षी त्या सरांच्या संस्थेत टंकलेखिका म्हणून लागल्या आणि चौतीस वर्षं त्यांनी सरांची पत्रं टाइप केली. सरांचं अक्षर असं, की स्वतःचंच लिहिलेलं त्यांना दुसऱ्या दिवशी लागत नसे. त्यामुळे घरचं असो की दारचं, प्रत्येक पत्र ते तोंडी सांगत. खिडकीकडे तोंड करून, हात मागे बांधून येरझाऱ्या घालत बोलायचे आणि ताई लिहून घ्यायच्या. प्रत्येक पत्राची एक प्रत कार्बनवर निघायची आणि संध्याकाळच्या आत तारखेनुसार फायलीला लागायची. बोटांची टोकं कायम निळसर असत, म्हणून संस्थेतल्या शिपायानं नाव ठेवलं कार्बनताई. ते इतकं चिकटलं, की निवृत्तीच्या समारंभात भाषण करणाऱ्या संचालकांना त्यांचं खरं नाव कागद बघून वाचावं लागलं.

सर फक्त 'बाई' म्हणत. "बाई, लिहा," एवढं म्हटलं की दिवस सुरू.

सरांना एकच खोड होती, राग. विद्वान माणूस, मनानं निर्मळ, पण राग नाकाच्या शेंड्यावर. कुणी चुकीची आकृती छापली, कुणी पाण्याचा नमुना उन्हात ठेवला, नगरपालिकेनं तळ्यात चुन्याची पोती ओतली, की सर लालबुंद होऊन "बाई, लिहा" म्हणत, आणि मग जे निघे त्यातलं निम्मं सभ्य कागदावर शोभण्यासारखं नसे. ताईंनी पहिल्या दोन-तीन वर्षांतच एक रीत बसवून टाकली. पत्र टाइप करायचं, सही घ्यायची, पाकिटात घालून चिकटवायचं, तिकीट लावायचं, आणि खालच्या खणात ठेवून द्यायचं. तेरड्याचा रंग तीन दिवस, सरांचा राग दोनच. तिसऱ्या दिवशी सर हळूच विचारत, "बाई, ते गेलं का हो?" ताई म्हणत, "नाही सर, पोस्टाची पेटी भरली होती." सर पाकीट मागून घेत, फाडून टाकत, आणि ताई फायलीतली कार्बन प्रतही काढून त्यांच्या हातात देत. पेटी वर्षातून पाच-सहा वेळा तरी भरे. पोस्टाच्या पेटीला एवढी काय भरती येते, हे सरांनी कधी विचारलं नाही.

तर मुलीनं गळ घातली आणि ताई हो म्हणाल्या. धाकटा भाऊ आणि भावजय यांच्या घरात त्या राहत. भावजयीनंच त्यांना ढकललं. "जा हो वन्सं, घरात बसून माझ्या भाज्यांच्या पिशव्यांची वर्गवारी करता, त्यापेक्षा बरं," ती म्हणाली.

सरांच्या जुन्या अभ्यासिकेत काम सुरू झालं. मधे मोठं टेबल, त्यावर तीन ढीग: 'घ्यायचं', 'नको' आणि 'बघू'. संपादक चाळिशीचा, भराभर वाचणारा, वाचताना पाय हलवणारा. सरांची मुलगी दातांची डॉक्टर. सकाळचा दवाखाना आटपून ती दुपारी येई आणि कुठलंही पत्र हातात आलं की त्यातच अडकून बसे. ताई दोघांच्या मधे. कुठलं नाव कुणाचं, हे विद्यापीठ की नर्सरी, 'आपला पाहुणा' म्हणजे माणूस नव्हे तर एका विहिरीत सापडलेला दुर्मीळ जीव, हे सगळं त्या न अडखळता सांगत.

पहिला खटका उडाला तो एका शाळकरी मुलीच्या पत्रावरून. तिनं बाटलीत हिरवं पाणी भरून सरांना पाठवलं होतं आणि विचारलं होतं, की हे मेलेलं आहे की जिवंत. सरांनी उत्तर दिलं होतं, "तुझ्या बाटलीत मला एकोणतीस प्रकारचे जीव सापडले. तुझं गाव त्यामानानं लहान आहे." मग दोन पानं भरून त्या एकोणतीस जणांची ओळख. संपादकानं ते 'नको'मध्ये टाकलं. त्याला मोठ्या शास्त्रज्ञांना लिहिलेली पत्रं हवी होती. ताईंनी ते उचलून 'घ्यायचं'मध्ये ठेवलं. त्यानं परत 'नको'मध्ये ठेवलं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यानं हात पुढे केला तेव्हा ताईंनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं, आणि पत्र 'घ्यायचं'मध्येच राहिलं. त्या दिवसापासून तो ताईंना विचारल्याशिवाय ढीग बदलेनासा झाला.

दिवस छान चालले होते. नवव्या दिवशी सातवं खोकं उघडलं.

संपादकाचे हलणारे पाय एकदम थांबले. त्यानं एक कार्बन प्रत दोनदा वाचली, मग फाईल उलटी-पालटी करून आणखी दोन कागद शोधून काढले आणि तिन्ही ओळीनं टेबलावर मांडले. पहिलं पत्र सव्वीस वर्षांपूर्वीचं, सरांनी आपल्या जिवलग मित्राला लिहिलेलं. हे मित्र दुसऱ्या शहरात शेवाळावरच काम करत. दोघं एका बाकावर शिकलेले. सरांची मुलगी त्यांना काका म्हणत असे. त्या पत्रात सरांनी काकांची सालटी काढली होती. एका तळ्यातला नवा जीव दोघांनी मिळून शोधला आणि काकांनी त्यावर निबंध छापला तो एकट्याच्या नावानं, असा आरोप होता. चोर म्हटलं होतं, पाठीत सुरा खुपसणारा म्हटलं होतं, आणि शेवटी, "माझ्या घरी दुःख झालं तेव्हा तू चार दिवस येऊन राहिलास ते माझ्या वह्या चाळायला, हे मला आता कळलं," असं लिहिलं होतं.

दुसरं पत्र तीन महिन्यांनंतरचं. "मी तुला जे लिहिलं ते माझ्या दुःखानं लिहिलं. दुःखाला तोंड नसतं म्हणून त्यानं माझं वापरलं. जमलं तर मला माफ कर."

तिसरा कागद काकांचं उत्तर, त्यांच्या हातचं, चार ओळींचं. "तुझं पत्र पोचलं. आधीचं म्हणतोस ते पत्र मला मिळालेलं नाही. तळं काठोकाठ भरलं आहे. ये."

"हा पुस्तकाचा प्राण आहे," संपादक म्हणाला. एवढा अपमान गिळून 'पत्र मिळालंच नाही' म्हणणारा मित्र त्याला कुठल्या पत्रसंग्रहात भेटला नव्हता. मुलीनं तिन्ही पत्रं मोठ्यानं वाचली. आई गेली त्या वर्षीची गोष्ट. ती तेव्हा वसतिगृहात होती आणि तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, की बाबा नेहमी म्हणायचे, मला रागाचं औषध काकानं दिलं. ते हेच असणार.

डोकं दुखतंय असं सांगून कार्बनताई उठल्या आणि तीनच्या आत घरी परतल्या.

भावजयीला आश्चर्य वाटलं. वन्सं काम टाकून घरी आल्या असं कधी झालंच नव्हतं. तिनं चहा पुढ्यात ठेवला आणि समोर बसून राहिली, तेव्हा ताईंनी सव्वीस वर्षांत कुणाला न सांगितलेलं सगळं सांगितलं.

बाईसाहेब, म्हणजे सरांच्या पत्नी, जाऊन चार महिने झाले होते. सर जेवत नव्हते, नीट बोलत नव्हते. ज्या दिवशी काकांचा निबंध टपालानं आला, त्याच दिवशी दुपारी सर तीन महिन्यांसाठी दूरच्या एका सरोवरावर कामाला निघणार होते. सकाळी त्यांनी ते पत्र सांगितलं. सांगताना आवाज चढला नाही, हेच ताईंना भयंकर वाटलं. सही झाली, पाकीट खणात गेलं आणि सर गाडीत बसले. तिसऱ्या दिवशी "गेलं का हो" विचारायला कुणी नव्हतंच. ताई रोज खण उघडायच्या आणि बंद करायच्या. काकांना त्यांनी पाहिलं होतं. त्या चार दिवसांत त्यांनी कुठलीही वही चाळली नव्हती. ते सरांच्या शेजारी बसून त्यांना भात कालवून देत होते. ताईंना ते पत्र टपालात टाकवेना.

तीन महिन्यांनी सर परतले ते काळवंडलेले, पण शांत होऊन. पहिल्याच सकाळी म्हणाले, "बाई, लिहा," आणि माफीचं पत्र सांगितलं. तेव्हा ताईंनी बोलायला हवं होतं. रीत मोडून, न विचारता, तीन महिने मालकाचं पत्र दाबून ठेवलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? उद्या सांगू म्हणून त्यांनी ते टाइप केलं. उद्याचे आठ दिवस झाले आणि काकांचं उत्तर आलं. सर ते वाचून खिडकीशी गेले. "पाहिलंत बाई," ते म्हणाले, "मिळालंच नाही म्हणतो. केवढं मन असेल या माणसाचं." त्यानंतर सर हळूहळू बदलले. राग आला की स्वतःच म्हणायचे, आज नको, परवा लिहू. आता सांगितलं तर त्यांच्या हातातलं ते एकुलतं एक सुख आपण हिसकावून घेऊ, असं ताईंना वाटलं, आणि वर्षं गेली.

भावजयीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झाकली मूठ आहे ना, झाकलेलीच ठेवा. शिळ्या कढीला ऊत कशाला? सर गेले, कुणाला कळणार आहे?"

"काका आहेत अजून," ताई म्हणाल्या. "ऐंशी वर्षांचे. जे पत्र मी त्यांच्यापर्यंत जाऊ दिलं नाही, ते आता त्यांना छापून मिळणार. चारचौघांत."

भावजयीनं उठून माळ्यावरची, ताईंच्या जुन्या कागदांची पत्र्याची पेटी खाली काढून दिली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी अभ्यासिकेत टेबलावर ते पाकीट ठेवलं. चिकटवलेलं, तिकीट लावलेलं, त्यावर शिक्का नाही. आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. मुलीनं पाकीट उचलून उलटं-पालटं करून पाहिलं.

"बाबांना का नाही सांगितलंत?" तिनं विचारलं.

"भित्री होते म्हणून," ताई म्हणाल्या. "पहिले आठ दिवस नोकरीला भ्याले. नंतर त्यांच्या चेहऱ्याला."

मुलगी खिडकीशी गेली. तिला राग आला होता, तो पाठीवरूनही दिसत होता. बाबा उरलेलं सगळं आयुष्य न घडलेल्या गोष्टीबद्दल कृतज्ञ राहिले, हे तिला पचत नव्हतं. संपादक मधेच म्हणाला, की ही हकीकत तर मूळ पत्रांहूनही सरस आहे, तीही छापू. तेव्हा ती वळून म्हणाली, की छापणं-बिपणं राहू द्या, आधी काकांना विचारायचं, आणि ताईंनीच विचारायचं.

रविवारी तिघं बसनं काकांच्या शहरी गेली. वाटेत मुलगी ताईंशी कामापुरतंच बोलली. काका नातसुनेच्या घरी वरच्या मजल्यावर राहत. खोलीबाहेरच्या गच्चीत प्लॅस्टिकचे टब ओळीनं मांडलेले, प्रत्येकात वेगळ्या हिरव्या रंगाचं पाणी. दृष्टी अधू झाली होती, कान मात्र तल्लख. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून त्यांनी बाकीच्यांची चौकशी केली, आणि कार्बनताई आल्यात म्हटल्यावर, "तुमच्या टंकयंत्रात 'क्ष' नेहमी वर उडालेला असायचा," असं म्हणाले.

ताईंनी सगळं सांगितलं. काकांनी पाकीट हातात घेऊन तिकिटावरून अंगठा फिरवला आणि ते ताईंपुढे धरलं. "वाचा," म्हणाले.

ताईंनी नको म्हटलं. मुलगी वाचते म्हणाली. पण काका हटून बसले. ज्यांनी ऐकून लिहिलं त्यांनीच वाचायचं. मग ताईंनी पाकीट फोडलं आणि वाचलं, एका सुरात, कुठलाही शब्द न गाळता. चोर आला, सुरा आला, वह्यांचं वाक्य आलं. तिथे मात्र त्यांनी चष्मा पुसला आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

काकांनी टबांकडे तोंड वळवलं.

"वह्यांचं खोटं आहे," ते म्हणाले. "बाकी खरं आहे. त्याचं नाव मी गाळलं होतं. घाई होती, पद मिळायचं होतं, म्हटलं पुढच्या निबंधात घालू. छापून आल्यावर मी रोज टपालाची वाट बघायचो. त्याच्या शिव्यांची. तीन महिने काहीच आलं नाही, आणि मग आलं ते माफीचं पत्र. मला वाटलं, मला लाजवायला लिहिलंय. खरंच लाजलो. आधीचं पत्र मिळालं नाही म्हणून लिहिलं ते अगदी खरं होतं, पण माझं चुकलं एवढं लिहायला हात धजला नाही. पुढच्या निबंधात मात्र त्याचं नाव पहिलं घातलं, माझं दुसरं."

मुलीनं विचारलं, की बाबा भेटायला आले तेव्हा यावर काही बोलणं झालं नाही का.

"तो आला, तळ्यात गुडघाभर उतरला आणि बाटली मागितली," काका म्हणाले. "त्या दिवशी दोघांनीही तोंड उघडलं असतं तर भांडलो असतो. उघडलं नाही, म्हणून पुढची चोवीस वर्षं मिळाली." मग त्यांनी ताईंकडे हात पुढे केला. "पत्र ठेवून जा. माझ्या हक्काच्या शिव्या आहेत, उशिरा का होईना पोचल्या."

संपादकानं चाचरत विचारलं, की छापायचं काय. काकांनी सांगितलं, तिन्ही छापा, आणि खाली मी आत्ता बोललो तेही छापा. त्याचा राग तेवढा लोकांना दिसावा आणि माझी चूक झाकून राहावी, हे बरं नाही. ताई म्हणाल्या, की माझं नाव नको. यावर मुलगी पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, की ते मी ठरवीन.

परतीच्या बसमध्ये मुलगी ताईंच्या शेजारी बसली. निम्म्या रस्त्यात तिचा डोळा लागला आणि डोकं कलून ताईंच्या खांद्यावर आलं. ताईंचा हात अवघडून बधिर झाला, पण शहर येईपर्यंत त्यांनी तो हलवला नाही.

पुस्तक आठ महिन्यांनी निघालं. एकशे अठ्ठ्याण्णव पत्रं. शेवाळाच्या बाटलीचं चौदाव्या पानावर. त्या तीन पत्रांखाली बारीक अक्षरात टीप होती, की पहिलं पत्र टपालात पडलं नाही, ते टंकलेखिकेनं स्वतःच्या जबाबदारीवर थांबवलं, आणि पुढे तिचं पूर्ण नाव, मुलीनं कागद न बघता बरोबर लिहिलेलं. काकांना नातसुनेनं ते पान वाचून दाखवलं. त्यांनी निरोप धाडला, की छपाईत शेवाळाच्या दोन नावांची अदलाबदल झाली आहे.

पुस्तकाची पहिली प्रत घेऊन मुलगी ताईंच्या घरी आली. भावजयीनं चहा केला, ती टीप चारदा वाचली आणि शेजारणीला दाखवायला घेऊन गेली. दोघीच उरल्या तेव्हा मुलीनं कपाशी चाळा करत विचारलं, "ताई, खणात माझ्या नावचं कधी एखादं पडलं होतं?"

आता खोटं बोलायचं नाही, असं ताईंनी स्वतःला बजावलं होतं.

"एक होतं," त्या म्हणाल्या. "त्याच वर्षाच्या शेवटी. तू शिक्षण सोडते म्हणून लिहिलं होतंस तेव्हाचं. गुरुवारी सांगितलं, शनिवारी त्यांनीच मागून घेऊन फाडलं. आणि सोमवारी तुझ्याकडे यायला गाडी पकडली."

"ते आले होते," मुलगी म्हणाली. "अचानक. वसतिगृहाच्या फाटकाशी, हातात बाटली घेऊन. मला म्हणाले, या बाजूला काम होतं." ती हसली आणि डोळे पुसले. "काय होतं त्या पत्रात?"

ताईंना त्यातलं अक्षर न् अक्षर पाठ होतं.

"फाडलेलं पत्र मी वाचून दाखवत नाही," त्या म्हणाल्या. "ज्यानं लिहिलं त्यानं ते रद्द केलंय."

मुलीनं मान डोलावली. चहाचा शेवटचा घोट घेताना तिचं लक्ष गेलं, की ताई बिस्किट एकाच बाजूनं चावताहेत. तिनं त्यांना तोंड उघडायला लावलं, खिडकीच्या उजेडात हनुवटी वर धरून आत पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. डावीकडची दाढ किती दिवस दुखते आहे, हे ताईंनी सांगितलं नाही म्हणून तिनं त्यांना चांगलं फैलावर घेतलं, आणि सोमवारी साडेदहाला दवाखान्यात यायचं, रिकाम्या पोटी नाही, असं बजावून ती गेली. ताई सव्वादहालाच जाऊन बसल्या.